राजासाठी उतरवलेल्या तोफा

मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गेटवे ऑफ इंडियाच्या बांधकामावर आलेला लेख मी आवडीने वाचला. अपोलो बंदराचा धक्का, पायाभरणी आणि रखडत गेलेले काम हे सारे लेखकाने नीट मांडले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखालच्या ओळीला. ‘राजा पंचम जॉर्ज यांना घेऊन आलेली आलिशान शाही बोट, डिसेंबर १९११’ अशी ती ओळ आहे. चित्रातल्या जहाजावर पुढे दोन आणि मागे एक असे तोफांचे तीन बुरूज आहेत, प्रत्येक बुरुजातून दोन लांब नळ्या बाहेर आलेल्या आहेत, एकामागे एक अशी दोन धुराडी आहेत आणि पुढची डोलकाठी तिपाई आहे. १९११ साली राजा ज्या जहाजातून मुंबईला आला त्यावर असा एकही बुरूज नव्हता. चित्रातले जहाज म्हणजे ‘रिनाउन’ ही बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची पण वेगवान युद्धनौका. ती मुंबईत आली १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, आणि तिच्यावर राजा नव्हता, राजाचा थोरला मुलगा होता.

मी मुंबईच्या एका गोदीत चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम केले. जहाजाच्या पोटात कोणती खोली कुठे बसवायची, तिच्या आडभिंती, हवेचे नळ, पाण्याचे नळ आणि संडास-न्हाणीघर कुठून कुठे न्यायचे, हे कागदावर काढण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे दहा वर्षांची चूक झाली एवढ्यावर हे पत्र संपले असते, तरी मला ‘आलिशान बोट’ हे दोन शब्द स्वस्थ बसू देईनात. (आमच्या घरी कोकणात जाणाऱ्या जहाजालाही बोटच म्हणत आणि आईला ‘बोट लागत’ असे, तेव्हा त्या शब्दावर रागावण्याचा अधिकार मला फारसा नाही. पण पंधरा इंची तोफा वाहणाऱ्या जहाजाला बोट म्हणू नये.) वाचकाच्या मनात असे चित्र उभे राहते की राजासाठी कोणीतरी एक तरंगता राजवाडा बांधला आणि तो पाण्यात सोडला. मुंबईत उतरलेल्या राजपुरुषांच्या बाबतीत तसे एकदाही घडले नाही. दर वेळी दुसऱ्याच कामासाठी बांधलेले जहाज घेतले गेले, त्यातले काहीतरी काढून टाकले गेले आणि त्या रिकाम्या जागेत पलंग, गालिचे आणि जेवणाचे टेबल मांडले गेले. काय काढले, याचा हिशेब मराठीत सहसा वाचायला मिळत नाही.

शिडांच्या काळात हा प्रश्न सोपा होता. युद्धनौकेवर मोठ्या माणसाची जागा ठरलेली असे, ती म्हणजे अगदी मागची. तिथे रुंद खिडक्या असत, वारा आणि उजेड असे आणि सुकाणूही जवळ असे. पण त्या सुंदर खोलीतही तोफा उभ्या असत. लढाईची वेळ आली की लाकडी आडभिंती काढून ठेवल्या जात, सामान तळात जाई आणि कप्तानाची खोली क्षणात तोफांच्या रांगेचा भाग होई. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे, तिच्यावर ही रचना आजही पाहता येते. मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या दुसऱ्या युद्धनौकेवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या. सांगायचा मुद्दा असा, की त्या काळी मोठ्या माणसाची खोली आणि तोफ एकाच छपराखाली नांदत आणि प्रसंग आला की खोलीने माघार घ्यायची, असा नियम होता. वाफेच्या आणि पोलादाच्या काळात आडभिंती पक्क्या झाल्या, आणि मग माघार घ्यायची पाळी तोफेवर आली.

युवराजाला घेऊन मुंबईला आलेले पहिले जहाज तर लढाऊही नव्हते. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) ज्या ‘सेरापिस’मधून आला, ते नौदलाचे सैन्यवाहू जहाज होते. हिंदुस्थानात गोरी पलटण आणण्या-नेण्यासाठी १८६० च्या दशकात जी पाच भावंडे बांधली गेली, त्यांतले हे एक. एका फेरीत बाराशेच्या आसपास माणसे नेण्याच्या हिशेबाने त्यांची रचना होती. युवराजासाठी सैनिकांच्या जागेतून दालने काढली गेली. ब्रिटिश संसदेपुढे नौदलाचा वाहतुकीचा खर्च म्हणून ५२ हजार पौंडांचा आणि युवराजाच्या वैयक्तिक खर्चासाठी आणखी ६० हजार पौंडांचा आकडा आला, तेव्हा लंडनमध्ये त्याविरुद्ध सभाही झाल्या. परतीच्या वाटेवर मार्च १८७६ मध्ये या जहाजाने मुंबई सोडली तेव्हा भेट मिळालेले वाघ आणि हत्तीही सोबत होते. सैन्यवाहू जहाजावर घोड्यांची सोय करण्याची सवय असते, त्यामुळे हत्तींचे कोणाला फारसे कोडे पडले नसावे. या भेटीची आठवण म्हणून उभारलेला ‘काळा घोडा’ हा पुतळा आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि ज्याच्या पायाशी युवराजाचा हात लागला तो प्रिन्सेस डॉक माझगावच्या बाजूला बांधला गेला. ‘सेरापिस’ मात्र कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

इथे कोणी विचारील, की इंग्लंडच्या राजाकडे स्वतःची खासगी जहाजे होती, मग सैन्यवाहू जहाज आणि बॅटलशिप कशाला? त्याचे उत्तर कोळशात आहे. राजघराण्याची ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाची जहाजे इंग्लिश खाडीतल्या आणि भूमध्य समुद्रातल्या सहलींसाठी होती. सुएझपार, हिंदी महासागर ओलांडून येण्याइतका कोळसा, पाणी आणि माणसांची सोय त्यांच्यात नव्हती. शिवाय त्या नावाच्या तिसऱ्या जहाजाचा जो किस्सा आहे, तो आमच्या धंद्यातल्या प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगावा असा आहे. वेल्समधील पेम्ब्रोकच्या गोदीत ते बांधले जात होते. जानेवारी १९०० मध्ये सुक्या गोदीत पाणी सोडले, जहाज तरंगू लागले आणि लगेच एका बाजूला कलंडले. राजाराणीच्या सोयीसाठी वरच्या डेकांवर जे सामान चढत गेले होते त्याचे वजन आराखड्यातल्या हिशेबापेक्षा शेकडो टनांनी जास्त भरले होते. नौदलाचे मुख्य नौकारचनाकार सर विल्यम व्हाइट यांना संसदेत आणि वर्तमानपत्रांत फार ऐकून घ्यावे लागले. जहाज पुढे दुरुस्त झाले, पुष्कळ वर्षे चालले, परंतु राणी व्हिक्टोरियाने त्यावर कधीच पाऊल ठेवले नाही. वर चढवलेला प्रत्येक टन कुठून तरी वजा करावा लागतो, हे समुद्र कोणाच्याही मुकुटाकडे न पाहता सांगतो.

याच सर विल्यम व्हाइट यांच्या आराखड्यावर आणि याच पेम्ब्रोकच्या गोदीत १८९५ साली पाण्यात उतरलेली पहिली ‘रिनाउन’ ही बॅटलशिप म्हणजे माझ्या मते या साऱ्या कथेतले सर्वांत बोलके जहाज. (आपल्या छायाचित्रातली ‘रिनाउन’ ती दुसरी, या पहिलीची धुराडी एकामागे एक नसून शेजारी शेजारी होती, त्यामुळे समोरून पाहताना ती लगेच ओळखू येते.) तिच्यावर चार दहा इंची आणि दहा सहा इंची तोफा होत्या. बरोबरीच्या बॅटलशिपांवर बारा इंची तोफा असत, म्हणून ती जन्मतःच थोडी हलक्या हाताची मानली गेली. पण तिचा वेग आणि डौल अ‍ॅडमिरल फिशर यांना असा काही भावला, की अमेरिकेच्या किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रात बदली झाली तेव्हा ते तिला आपले निशाणाचे जहाज म्हणून सोबत घेऊन आले. १९०२ मध्ये दिल्ली दरबारासाठी राजाचे धाकटे भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट आणि त्यांच्या पत्नीला हिंदुस्थानात आणायचे ठरले आणि त्यासाठी हिची निवड झाली. मधल्या डेकवरच्या सहा इंची तोफा उतरवण्यात आल्या. तीन वर्षांनी युवराज जॉर्ज आणि युवराज्ञी मेरी यांच्या हिंदुस्थान दौऱ्यासाठी पोर्ट्समथच्या गोदीत तिच्यावर पुन्हा काम निघाले, तेव्हा उरलेल्या सहा इंची तोफाही गेल्या. नौदलातले लोक तिला ‘बॅटलशिप यॉट’ (यॉट म्हणजे सहलीची नौका) म्हणू लागले. त्या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सहा इंची तोफाच का गेल्या आणि दहा इंची का राहिल्या, हे ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांनी पाहिले तर सहज कळते. मोठ्या तोफा बुरुजांत, जहाजाच्या मध्यरेषेवर. त्या काढायच्या तर जहाजाचे पोटच उघडावे लागते, आणि काढल्या तर समोरून पाहणाऱ्याला ही युद्धनौका आहे असे वाटणार नाही. सहा इंची तोफा दोन्ही कडांना, चिलखती कोनाड्यांत. जहाजातली हीच जागा बाहेरच्या भिंतीला लागून असते, तिथेच हवा आणि उजेड येतो आणि माणसाला राहण्यासारखी जागा काय ती तीच. लांबून पाहणाऱ्या प्रजेसाठी मोठ्या तोफा जशाच्या तशा ठेवायच्या, आणि आतल्या पाहुण्यांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून कडेच्या तोफा काढायच्या, असा हा सोयीस्कर सौदा होता. पण लढाईच्या दृष्टीने पाहिले, तर जवळ येणाऱ्या टॉर्पेडो-नौकांवर मारा करण्याचा मधला पल्लाच या जहाजाने गमावला. संरक्षणासाठी मग ‘टेरिबल’ ही क्रूझर सोबत द्यावी लागली. ज्या युद्धनौकेला दुसऱ्या युद्धनौकेने राखायचे, तिला युद्धनौका तरी कशी म्हणावी?

‘रिनाउन’ने ८ ऑक्टोबर १९०५ रोजी पोर्ट्समथ सोडले. त्याच गोदीत सहाच दिवस आधी, २ ऑक्टोबरला, ‘ड्रेडनॉट’ या नव्या बॅटलशिपची कील, म्हणजे तळाचा कणा, बसवण्यात आली होती, आणि तिच्यामागे होते तेच फिशर, आता नौदलाचे प्रमुख. एका बाजूला आपल्या आवडत्या जहाजात पलंग बसवले जात आहेत आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्यामुळे अशी सगळी जहाजे एका रात्रीत जुनी ठरणार, ते जहाज घडते आहे, आणि दोन्हीकडे ठोकाठोकीचा आवाज एकाच भोंग्यावर सुरू आणि बंद होतो आहे, हे दृश्य मला माझ्या नोकरीत अनेकदा आठवले. युवराज दांपत्य इटलीत जिनोआ येथे जहाजावर चढले, ९ नोव्हेंबरला मुंबईत पोचले आणि दोनच दिवसांनी, ११ तारखेला, युवराजाने ज्या संग्रहालयाची कोनशिला बसवली ते आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपल्याला परिचित आहे. दौरा संपवून मार्च १९०६ मध्ये ते कराचीहून निघाले. राजनिवास होण्याचा मान मिळालेली ही ‘रिनाउन’ पुढे भट्टीत कोळसा घालणाऱ्या शिकाऊ खलाशांची शाळा झाली आणि १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, भंगारात विकली गेली.

कोळशाचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो, कारण अशा वर्णनांत ती कधीच येत नाही. कोळशावर चालणाऱ्या जहाजात प्रत्येक मोठ्या बंदरात कोळसा भरावा लागे. शेकडो टन कोळसा टोपल्यांनी आणि पोत्यांनी माणसे वर चढवत. त्या दिवशी जहाजभर काळी धूळ उडे, दारे-खिडक्या आणि हवेचे तोंड बंद करून कापडाने झाकावे लागे, आणि नंतर दोन दिवस सगळे धुण्यात जात. गालिचे, रेशमी पडदे आणि पांढरे टेबलक्लॉथ असलेल्या दालनांचे त्या दिवशी काय होत असेल! राजघराण्यातली मंडळी अशा वेळी किनाऱ्यावर असत. पडदे मात्र जहाजावरच असत, आणि ते झटकणारे हातही.

आता १९११ कडे येतो, कारण मूळ चूक तिथली आहे. गादीवर बसलेला राजा आणि राणी दिल्ली दरबारासाठी येणार म्हणून या वेळी बॅटलशिपचा खटाटोप टाळला गेला. पी अँड ओ कंपनीचे ‘मेडिना’ हे कोरे करकरीत प्रवासी जहाज घेऊन ते तेवढ्यापुरते नौदलात दाखल करण्यात आले, त्याला पांढरा रंग दिला गेला आणि एक जास्तीची, तिसरी डोलकाठी बसवण्यात आली. राजाचे निशाण, नौदल खात्याचे निशाण आणि ब्रिटिश ध्वज, तिघांनाही आपापली काठी हवी होती. चार क्रूझर जहाजे सोबत होती. लढाऊ जहाजांतल्या दालनांपेक्षा हे घर नक्कीच अधिक आरामाचे असणार, कारण त्यात काढण्यासारखी तोफच नव्हती. २ डिसेंबर १९११ रोजी राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले आणि त्या उतरण्याची तारीख गेटवेच्या माथ्यावर कोरलेली आहे. ‘मेडिना’ नंतर कंपनीकडे परत गेले आणि एप्रिल १९१७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाले.

मग आपल्या छायाचित्रातली दुसरी ‘रिनाउन’. सहा पंधरा इंची तोफा, बत्तीस नॉटच्या घरातला वेग, पावणेआठशे फुटांहून जास्त लांबी. महायुद्धाच्या मध्यावर, १९१६ मध्ये, घाईने पूर्ण केलेली. युद्ध संपल्यावर इतक्या वेगवान जहाजाला काम काय द्यायचे, हा प्रश्नच होता आणि युवराज एडवर्डला (पुढे आठवा एडवर्ड) साम्राज्यभर फिरवून आणायचे होते. १९१९ मध्ये कॅनडा, १९२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, १९२१-२२ मध्ये हिंदुस्थान आणि जपान. या दौऱ्यांसाठी तीन-तीन नळ्यांच्या चार इंची तोफांपैकी काही उतरवून त्यांच्या जागी राहण्याची दालने आणि फेरफटका मारण्यासाठी डेक बांधण्यात आला. दोन धुराड्यांच्या मधे एक मोठी खोली उभी राहिली, तिच्या एका बाजूला स्क्वॉशचे मैदान आणि दुसऱ्या बाजूला सिनेमागृह. धुराड्यांच्या कुशीत स्क्वॉश खेळणे किती गरमीचे होत असेल याची मला कल्पना करवत नाही. पण ही ‘रिनाउन’ तेलावर चालत होती, म्हणून कोळशाच्या धुळीचा त्रास निदान या युवराजाला नव्हता.

सोळा वर्षांपूर्वीच्या जहाजात आणि या जहाजात एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. १९०५ मध्ये तोफांच्या जागी आलेली दालने दर्जा राखण्यासाठी होती. १९२१ मध्ये तोफांच्या जागी करमणूक आली. युवराज तरुण होता, लांबच्या प्रवासांना आणि स्वागत समारंभांना कंटाळत होता, आणि त्याच्या सोबत चुलतभावासारखा वागणारा लुई माउंटबॅटन होता, ज्याचे लग्न याच दौऱ्यात, दिल्लीत, ठरले. मुंबईने मात्र त्या दिवशी या जहाजाकडे पाहिले ते अगदी वेगळ्या नजरेने. युवराजाच्या आगमनावर बहिष्कार पुकारलेला होता. १७ नोव्हेंबरला इकडे अपोलो बंदरावर स्वागत चालू असताना तिकडे परळला एलफिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. आणि पाठोपाठ शहरात दंगल पेटली, ती काही दिवस चालली आणि तिच्यात पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी उपोषण सुरू केले. युवराज त्याच आठवड्यात पुण्यात जाऊन शिवस्मारकाची कोनशिला बसवून आला. या पार्श्वभूमीवर ते छायाचित्र पुन्हा पाहिले तर बंदरात उभ्या असलेल्या त्या सहा नळ्या मला ‘आलिशान’ वाटत नाहीत. त्या मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या आणि शहराकडे तोंड करून उभ्या होत्या की नव्हत्या, यापेक्षा त्या दिसत होत्या, हे पुरेसे होते.

योगायोग असा, की बरोबर एका वर्षाने, १७ नोव्हेंबर १९२२ रोजी, शेवटचा तुर्की सुलतान सहावा मेहमद कॉन्स्टँटिनोपल सोडून निघाला तो ‘मलाया’ या ब्रिटिश बॅटलशिपवरून. त्याच्यासाठी ना तोफ उतरवली गेली, ना भिंत हलवली गेली. गादी असलेल्याला आणि गादी गेलेल्याला युद्धनौकेवर मिळणाऱ्या जागेत एवढा फरक असतो.

याउलट एक उदाहरण मला फार आवडते. फेब्रुवारी १९४५ मध्ये सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांना अमेरिकन अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भेटीसाठी जेद्दाहून सुएझ कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकपर्यंत न्यायचे होते. त्यासाठी ‘मर्फी’ ही विनाशिका पाठवली गेली. विनाशिका म्हणजे आधीच अरुंद जहाज. कप्तानाची खोली राजासाठी मोकळी करून दिली तरी तिच्यात राजाचा लवाजमा मावण्याची शक्यता नव्हती. राजाने ती खोली नाकारली. पुढच्या डेकवर कनात ठोकली गेली, गालिचे अंथरले गेले आणि राजा उघड्या हवेत, आपल्या सवयीप्रमाणे झोपला. ताजे मांस हवे म्हणून मेंढ्याही सोबत घेतल्या होत्या. जहाजाचा एक खिळा हलला नाही, एक तोफ उतरली नाही, आणि प्रवास संपून कनात गुंडाळली की ‘मर्फी’ पुन्हा विनाशिका झाली. राजनिवास कसा असावा याचे इतके शहाणे उत्तर मी कुठल्या आराखड्यात पाहिले नाही.

इंग्लंडने हाच धडा घेतला असे म्हणवत नाही. १९४७ च्या सुरुवातीला राजा सहावा जॉर्ज, राणी आणि दोन्ही राजकन्या दक्षिण आफ्रिकेला निघाल्या त्या ‘व्हॅनगार्ड’वरून. ब्रिटनने बांधलेली ही शेवटची बॅटलशिप. तिच्या आठ पंधरा इंची तोफा पहिल्या महायुद्धातल्या जहाजांसाठी बनवलेल्या आणि वर्षानुवर्षे कोठारात पडलेल्या होत्या, आणि ती पूर्ण झाली तेव्हा युद्धच संपले होते. अ‍ॅडमिरलची दालने राजकुटुंबासाठी नव्याने मांडण्यात आली आणि पुढच्या दुसऱ्या बुरुजावर विमानांवर मारा करणाऱ्या तोफा होत्या त्या काढून तिथे सलामी घेण्यासाठी चौथरा बांधण्यात आला. इथे तोफेची जागा पलंगानेही घेतली नाही, ती घेतली उभे राहून हात हलवण्याच्या जागेने! १ फेब्रुवारीला जहाज पोर्ट्समथहून सुटले. मायदेशात त्या हिवाळ्यात बर्फ पडत होते, कोळसा संपत आला होता, कारखाने आणि घरे थंड होती आणि राजा इकडे उन्हात, यावरून बरीच टीका झाली. राजाने परत येण्याची तयारी दाखवली. पंतप्रधान अ‍ॅटली यांनी तसे करू नये असे सांगितले. १७ फेब्रुवारीला ‘व्हॅनगार्ड’ केप टाउनला पोचली. तीन दिवसांनी, २० फेब्रुवारीला, त्याच अ‍ॅटलींनी संसदेत जाहीर केले, की जून १९४८ पर्यंत ब्रिटन हिंदुस्थान सोडेल, आणि व्हाइसरॉय म्हणून नाव घेतले ते माउंटबॅटन यांचे, म्हणजे १९२१ मध्ये युवराजाबरोबर ‘रिनाउन’वरून मुंबईच्या बंदरात आलेल्या त्या तरुणाचे. पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी ‘व्हॅनगार्ड’ला पुन्हा सजवण्यात आले, पण राजाची प्रकृती बिघडली आणि तो दौरा रद्द झाला. १९६० मध्ये भंगारासाठी ओढून नेताना ती पोर्ट्समथच्या बंदराच्या तोंडाशीच रुतून बसली होती.

लेखक महाशयांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे पुष्कळदा चुकीच्या तारखा लिहिलेल्या असतात आणि दोन ‘रिनाउन’, दोन जॉर्ज, तीन-चार युवराज यांच्यात गोंधळ कोणाचाही होईल. परंतु गेटवेपाशी आणि वस्तुसंग्रहालयात येणाऱ्या शाळेतल्या मुलांना आपण उतरणाऱ्यांची नावे सांगतो, तारखा सांगतो, धक्क्याला लागलेल्या लाल गालिच्याचेही वर्णन करतो. तेव्हा पाठीमागे बंदरात उभे असलेले जहाज कोणते, ते मुळात कशासाठी बांधलेले होते आणि पाहुण्यासाठी त्यातले काय काढावे लागले, एवढे चार ओळींत सांगता येण्यासारखे आहे. संग्रहालयात किंवा गोदीच्या आवारात मुंबईला आलेल्या या चार जहाजांचे छोटे नमुने एकत्र मांडता आले तर फारच चांगले; माझ्यासारखे निवृत्त लोक कागद-पेन्सिल घेऊन बसायला तयार आहेत.

तूर्तास पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. चित्र तेच ठेवायचे असेल तर खाली ‘बॅटलक्रूझर रिनाउन, युवराज एडवर्ड यांच्यासह, मुंबई, नोव्हेंबर १९२१’ असे लिहावे. १९११ चेच जहाज हवे असेल तर ‘मेडिना’चे छायाचित्र शोधावे, आणि छापण्याआधी डोलकाठ्या मोजाव्यात, तीन भरल्या पाहिजेत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
माझगाव, मुंबई